पृथ्वीच्या पोटातील सीमारेषा : आंद्रिया मोहोरोविचिच यांचे जीवन

२२ मार्च २०२० हा उपवासकाळातील चौथा रविवार होता. क्रोएशिया या कॅथोलिक बहुसंख्येच्या देशात कोरोनाच्या साथीमुळे सार्वजनिक मिस्सा थांबविण्यात आल्या होत्या. त्या दिवशी पहाटे सहा वाजून चोवीस मिनिटांनी राजधानी झाग्रेब भूकंपाने हादरली. शहरातील हजारो घरांना तडे गेले, एका किशोरवयीन मुलीचा मृत्यू झाला आणि शंभर मीटरहून उंच असलेल्या कॅथेड्रलच्या जुळ्या मनोऱ्यांपैकी दक्षिणेकडील मनोऱ्याचे टोक तुटून खाली आले. उत्तरेकडील मनोऱ्याचे टोकही धोकादायक ठरल्याने पुढील महिन्यात ते काढून घ्यावे लागले. एरवी रविवारी पहाटेपासून भाविकांची ये-जा असणाऱ्या त्या मंदिरात त्या घटकेला कोणी नव्हते, हे त्या साथीच्या दिवसांतील एक विलक्षण सत्य होय.

याच कॅथेड्रलवर असा आघात १४० वर्षांपूर्वीही झाला होता. ९ नोव्हेंबर १८८० रोजी सकाळी झालेल्या मोठ्या भूकंपात ते इतके खिळखिळे झाले, की हेरमान बोले या वास्तुविशारदाच्या देखरेखीखाली त्याची गॉथिक शैलीत पुनर्बांधणी करावी लागली. आज ओळखीचे झालेले ते दोन निमुळते मनोरे त्या भूकंपानंतरचे आहेत. ज्या शहराच्या पायाखालची भूमी अशी अधूनमधून कूस बदलते, त्याच शहरात एका शांत, अबोल वृत्तीच्या शास्त्रज्ञाने पृथ्वीच्या अंतरंगाचा पहिला मोठा थर जगाला दाखवून दिला. त्यांचे नाव आंद्रिया मोहोरोविचिच. आपल्या मुलांच्या भूगोलाच्या पुस्तकात ‘मोहो विलगता’ असा जो शब्दप्रयोग येतो, त्यातील ‘मोहो’ म्हणजे या गृहस्थांच्या आडनावाची पहिली दोन अक्षरे. हा शब्द परीक्षेपुरता पाठ करून आपण विसरून जातो. त्यामागील माणसाची ओळख आम्ही येथे करून देत आहोत.

आंद्रिया यांचा जन्म २३ जानेवारी १८५७ रोजी एड्रियाटिक समुद्राच्या काठावरील वोलोस्को या लहानशा गावी झाला. हा प्रदेश त्या काळी ऑस्ट्रियाच्या साम्राज्यात होता. त्यांच्या वडिलांचेही नाव आंद्रियाच. ते लोहार होते आणि जहाजांचे नांगर घडवीत. आई मारिया बाळाच्या जन्मानंतर लवकरच मरण पावली. भट्टीत तापलेले लोखंड, त्यावर पडणारे घणाचे घाव आणि त्या घावांचा दूरवर जाणारा नाद यांच्या सान्निध्यात हे आईविना पोर वाढले. पुढे ज्या माणसाने पृथ्वीला बसलेल्या धक्क्याचा नाद ऐकून तिच्या पोटात काय आहे हे ओळखले, त्याचे बालपण लोहाराच्या ऐरणीजवळ गेले, हा योगायोग आम्हांला मोठा मनोज्ञ वाटतो. अर्थात योगायोगाला योगायोगच म्हणावे.

किनाऱ्यावरील मुलांना अनेक भाषा कानावर पडत. आंद्रिया पंधरा वर्षांचे होईपर्यंत इटालियन, फ्रेंच आणि इंग्रजी भाषा बोलू लागले होते. पुढे त्यांत जर्मन, चेक, लॅटिन आणि ग्रीक यांची भर पडली. रिएका शहरातील शाळेत माध्यमिक शिक्षण पूर्ण करून ते १८७५ साली प्राग विद्यापीठात गणित आणि पदार्थविज्ञान शिकण्यास गेले. तेथे त्यांना लाभलेल्या प्राध्यापकांत एर्न्स्ट माख यांचा समावेश होता. ध्वनीच्या वेगापेक्षा अधिक वेगाने जाणाऱ्या विमानांचा वेग आपण ‘माख’ या एककात मोजतो, तेच हे माख. निरीक्षणाने जे सिद्ध होत नाही त्यावर विसंबायचे नाही, ही त्यांची कडक शिकवण होती.

शिक्षण संपवून परतल्यावर मात्र या हुशार तरुणाच्या वाट्याला आली ती शाळामास्तराची नोकरी. प्रथम झाग्रेब, नंतर ओसियेक आणि १८८२ पासून बाकार येथील नौकानयन विद्यालय. बाकारमध्ये ते नऊ वर्षे राहिले. जहाजावर जाणाऱ्या मुलांना गणिताबरोबर हवामानाचे ज्ञान देणे आवश्यक होते, आणि शिकविता शिकविता शिक्षकच त्या विषयाच्या मोहात पडला. १८८७ साली त्यांनी बाकार येथे हवामान केंद्र स्थापन केले. आकाशातील ढग कोणत्या दिशेने व किती वेगाने सरकतात हे मोजण्याचे एक उपकरण त्यांनी स्वतः तयार केले आणि दिवसेंदिवस, वर्षानुवर्षे ते ढगांची नोंद करीत राहिले. याच गावी असताना एका जहाजाच्या कप्तानाची कन्या सिल्विया वेर्निच यांच्याशी झालेला त्यांचा संसार बहरला. त्यांना चार पुत्र झाले. त्यांपैकी स्त्येपान यांनी पुढे पित्याचाच अभ्यासविषय पत्करला.

१८९१ साली आंद्रिया यांनी स्वतः मागणी करून झाग्रेब येथे बदली करून घेतली आणि पुढच्याच वर्षी ग्रिच टेकडीवरील हवामान वेधशाळेचे ते प्रमुख झाले. ग्रिच हा झाग्रेबच्या जुन्या वरच्या नगराचा भाग आहे. तेथील बुरुजावरून १८७७ पासून रोज बरोबर दुपारी बारा वाजता तोफ उडविली जाते आणि शहरातील लोक तिच्या आवाजावर आपली घड्याळे लावून घेतात. अचूक वेळेचा हा ध्यास या टेकडीवर पूर्वापार होता असे म्हणावयास हरकत नाही. १८९३ साली बाकार येथील ढगांच्या निरीक्षणांवर लिहिलेल्या प्रबंधासाठी आंद्रिया यांना झाग्रेब विद्यापीठाची डॉक्टरेट मिळाली. चक्रीवादळे, गारपीट, पर्जन्यमान, झाग्रेबचे हवामान असे त्यांचे त्या काळातील विषय होते. १८९२ साली नोव्स्का गावाजवळ झालेल्या वावटळीने प्रवाशांनी भरलेला तेरा टन वजनाचा रेल्वेचा डबा उचलून फेकला होता, तिचाही त्यांनी बारकाईने अभ्यास केला. म्हणजे वयाच्या पंचेचाळिशीपर्यंत त्यांची नजर आकाशाकडे लागलेली होती. पायाखालच्या जमिनीकडे ती वळली ती त्यानंतर.

ती वळण्याचे कारण झाग्रेब शहरच होते. १८८० च्या भूकंपाच्या आठवणी अद्याप ताज्या होत्या. त्या भूकंपानंतर मियो किश्पातिच या भूशास्त्रज्ञाने देशभरातून भूकंपांची माहिती गोळा करण्याचे काम वर्षानुवर्षे निष्ठेने केले होते. परंतु ही माहिती म्हणजे लोकांनी सांगितलेली हकिकत असे : दिवा किती हलला, भिंत कोठे फुटली, घंटा आपोआप वाजली की नाही. जमिनीच्या हालचालीची हुबेहूब रेघ कागदावर उमटविणारे यंत्र झाग्रेबमध्ये नव्हते. १९०५ च्या डिसेंबरमध्ये व १९०६ च्या आरंभी शहराला पुन्हा धक्के बसू लागले. आंद्रिया यांनी खटपट करून बुडापेस्ट येथून एक भूकंपमापक यंत्र उसने आणले आणि १९०६ मध्ये ते वेधशाळेत बसविले. त्याने समाधान न झाल्यामुळे जर्मन शास्त्रज्ञ वीखर्ट यांच्या रचनेची अधिक चांगली यंत्रे त्यांनी मिळविली. ८० किलो वजनाच्या लोलकाचे पहिले यंत्र १९०८ मध्ये आणि एक हजार किलोचे दुसरे १९०९ मध्ये आले. एका गरीब प्रांतातील छोट्या वेधशाळेसाठी हा खर्च लहान नव्हता. यंत्रे आली, घड्याळे सेकंदाच्या अंशापर्यंत अचूक करण्यात आली, काजळी धरलेल्या कागदावर सुई आपली रेघ ओढू लागली आणि वेधशाळेचे प्रमुख वाट पाहू लागले.

भूकंपाची वाट पाहणे ही भाषा कठोर वाटेल. परंतु याच वर्षी त्यांनी केलेले दुसरे एक काम आम्ही मुद्दाम सांगू इच्छितो, कारण शास्त्राच्या इतिहासात ते बहुधा तळटिपेत जाते. १९०९ मध्येच त्यांनी अभियंते व वास्तुविशारद यांच्यासमोर भूकंपाचा इमारतींवर होणारा परिणाम या विषयावर व्याख्यान दिले. पुढे ते छापूनही आले. जमीन आडवी हलते तेव्हा भिंतीवर कोणता जोर येतो, इमारतीचा स्वतःचा झोका आणि जमिनीचा झोका जुळला तर काय होते, बांधणाऱ्याने कशाची काळजी घ्यावी, याचा विचार करणाऱ्या आरंभीच्या शास्त्रज्ञांत त्यांची गणना होते. भूकंप माणसांना क्वचितच मारतो. मारतात ती घरे. किल्लारीच्या ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे दगडमातीच्या जाड भिंतींखाली हजारो माणसे झोपेतच गाडली गेली, हे महाराष्ट्राला कोणी नव्याने सांगावयास नको. आमच्या मते आंद्रिया यांच्या मोठेपणाचे माप घेताना हे व्याख्यान त्यांच्या जगप्रसिद्ध शोधाच्या शेजारीच ठेवले पाहिजे.

८ ऑक्टोबर १९०९ रोजी सकाळी कुपा नदीच्या खोऱ्यात, झाग्रेबच्या आग्नेयेस सुमारे ४० किलोमीटरवर, जोराचा भूकंप झाला. पोकुप्स्को आणि आसपासच्या गावांत घरांची व चर्चची हानी झाली. ग्रिच टेकडीवरील यंत्रांनी हा धक्का जवळून टिपला. आंद्रिया यांनी लगोलग युरोपभरच्या वेधशाळांना पत्रे पाठविली आणि त्यांच्या यंत्रांवर उमटलेल्या रेघांच्या प्रती मागविल्या. त्या काळी युरोपात अशी यंत्रे बऱ्यापैकी पसरली होती, त्यामुळे एकाच भूकंपाची जवळची आणि दूरची चित्रे एकत्र पाहण्याची दुर्मीळ संधी त्यांना लाभली. येथे आम्हांला थोडे शास्त्रात शिरावे लागेल, कारण त्याशिवाय या माणसाने नेमके काय केले ते कळणार नाही.

भूकंप झाला की त्याच्या केंद्रापासून दोन प्रकारच्या लहरी पृथ्वीच्या पोटातून निघतात. पहिल्या, म्हणजे प्राथमिक किंवा ‘पी’ लहरी, खडकाला पुढेमागे ढकलत-दाबत जातात व सर्वांत आधी पोहोचतात. दुय्यम किंवा ‘एस’ लहरी खडकाला आडवे हलवीत जातात, त्या मागून येतात. यंत्राच्या कागदावर प्रथम एक थरथर उमटते, थोड्या वेळाने दुसरी. दोहोंतील अंतरावरून भूकंप किती दूर झाला हे काढता येते. एवढे सर्वांना ठाऊक होते. पृथ्वीचा वरचा भाग एकाच जातीचा असेल तर प्रत्येक ठिकाणी एक ‘पी’ आणि एक ‘एस’ दिसावयास हवी.

आंद्रिया यांच्यासमोर पडलेल्या कागदांवर मात्र वेगळेच दिसत होते. भूकंपाच्या जवळच्या वेधशाळांत एकच ‘पी’ होती. सुमारे ३०० किलोमीटरच्या पलीकडे मात्र दोन ‘पी’ आणि दोन ‘एस’ दिसू लागत : आधी येणारी क्षीण, मागून येणारी जोरकस. सुमारे ७०० किलोमीटरच्या पुढे पुन्हा एकच उरे, आणि ती असे आधी येणारी. एका भूकंपातून एकाच जातीच्या दोन लहरी वेगवेगळ्या वेळी कशा निघतील? यंत्राचा दोष म्हणावा तर तो इतक्या देशांतील इतक्या यंत्रांत एकसारखा कसा येईल? दुसरा कोणी असता तर त्याने ती क्षीण पहिली रेघ कागदावरचा ओरखडा म्हणून सोडून दिली असती. वर्षानुवर्षे ढगांचे मोजमाप घेतलेल्या या माणसाला क्षीण खुणांकडे दुर्लक्ष करण्याची सवय नव्हती.

त्यांनी काढलेले उत्तर आपल्याला रोजच्या उदाहरणाने समजेल. एका गावातून दोघे प्रवासी दुसऱ्या गावी निघाले. एक सरळ गाडीवाटेने गेला. दुसरा वाट वाकडी करून आधी हमरस्त्यावर गेला, त्यावरून भरधाव निघाला आणि शेवटी पुन्हा गाडीवाटेने गावात शिरला. गाव जवळचे असेल तर पहिला आधी पोहोचेल. गाव लांबचे असेल तर हमरस्त्याने गेलेला, वळसा घेऊनही, बाजी मारील. भूकंपाच्या लहरींचेही असेच होत होते. काही लहरी वरच्या खडकातून थेट येत होत्या. काही खाली उतरून, जेथे वेग एकाएकी वाढतो अशा दुसऱ्या थराच्या माथ्यावरून धावत येऊन पुन्हा वर चढत होत्या. याचा अर्थ असा, की पायाखाली कोठेतरी एक सीमा आहे. तिच्या वर एका जातीचा खडक, खाली दुसऱ्या जातीचा. पाण्याच्या पेल्यातील काडी जशी पाण्याच्या पृष्ठभागाशी मोडल्यासारखी दिसते, तशी त्या सीमेवर लहरीची वाट मोडते.

मग त्यांनी हाताने आकडेमोड करून त्या सीमेची खोली काढली. ती आली ५४ किलोमीटर. त्या सीमेच्या वर ‘पी’ लहरींचा वेग सेकंदाला सुमारे ५.७ किलोमीटर आणि खाली एकदम ७.७५ किलोमीटर. १९१० साली झाग्रेब वेधशाळेच्या वार्षिक अहवालात हा निबंध क्रोएशियन आणि जर्मन अशा दोन्ही भाषांत प्रसिद्ध झाला. आपल्या लहानशा मातृभाषेला बाजूला न सारता जगाशी बोलण्याची ही रीत आम्हां मराठी वाचकांना भावल्यावाचून राहणार नाही. त्या वेळी आंद्रिया ५३ वर्षांचे होते.

या शोधाचे महत्त्व हळूहळू उलगडत गेले. इतर देशांतील भूकंपांच्या नोंदींतही तशीच दुहेरी लहर सापडू लागली, आणि ही सीमा क्रोएशियापुरती नसून साऱ्या पृथ्वीला वेढून आहे, हे दिसून आले. तिच्या वरच्या थराला भूकवच म्हणतात, खालच्याला प्रावरण. मोहोरोविचिच यांच्या सन्मानार्थ सीमेला त्यांचेच नाव देण्यात आले, पण ते उच्चारताना जगभरच्या शास्त्रज्ञांची जीभ अडखळू लागल्याने त्याचे ‘मोहो’ झाले. सीमेची खोली सर्वत्र सारखी नाही. महासागरांच्या तळापासून ती अवघ्या ५ ते १० किलोमीटरवर असते. खंडांखाली सर्वसाधारणपणे ३० ते ४० किलोमीटरवर, दख्खनच्या पठाराखालीही ४० किलोमीटरच्या आसपास, आणि हिमालय-तिबेटच्या प्रदेशाखाली सुमारे ७० किलोमीटरपर्यंत ती खोल गेली आहे. जितका पर्वत उंच तितकी त्याची मुळे खोल, असे म्हटले तरी चालेल.

शास्त्रज्ञांनी पुढे या दोन थरांच्या घटकद्रव्यांचाही शोध घेतला. भूकवच हे मुख्यतः ऑक्सिजन आणि सिलिकॉन यांच्या संयुगांचे बनलेले आहे. खंडांच्या भागात त्यात ग्रॅनाइटसारखे हलके खडक आहेत, महासागरांच्या तळाशी बेसाल्टसारखे जड. आपल्या सह्याद्रीचा काळा कातळ हा बेसाल्टच, मात्र तो पृथ्वीच्या पोटातून लाव्हारूपाने वर येऊन खंडावर पसरलेला. मोहोच्या खाली प्रावरणात लोह आणि मॅग्नेशियम यांचे प्रमाण वाढते. तेथील मुख्य खडक पेरिडोटाइट हा हिरवट रंगाचा व घन असतो. प्रावरण द्रवरूप आहे, असा एक समज सर्वत्र आढळतो. तो खरा नाही. प्रावरण घन आहे, पण लक्षावधी वर्षांच्या मापाने पाहिले तर ते अतिशय मंद गतीने वाहते. पृथ्वीच्या एकूण आकारमानाचा आठ दशांशांहून अधिक भाग या एकाच थराने व्यापला आहे. त्याच्या मानाने आपली शेते, शहरे, पर्वत आणि समुद्र ज्याच्यावर आहेत ते भूकवच म्हणजे सफरचंदाची साल.

पृथ्वीच्या आणखी खोल भागाचा शोध दुसऱ्यांनी लावला आणि त्यातील पहिल्या मानकऱ्याचा संबंध भारताशी आहे. रिचर्ड ओल्डहॅम हे भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षण विभागात अधिकारी होते. १८९७ च्या आसामच्या महाभूकंपाचा त्यांनी केलेला अभ्यास आजही प्रमाण मानला जातो. भूकंपलहरी पृथ्वीच्या आरपार जाताना मध्यभागाजवळ मंदावतात, हे पाहून त्यांनी १९०६ साली पृथ्वीला एक वेगळा गाभा आहे हे दाखवून दिले. काही वर्षांनी जर्मनीच्या बेनो गुटेनबर्ग यांनी त्या गाभ्याची सीमा सुमारे २,९०० किलोमीटर खोलीवर असल्याचे निश्चित केले. हा गाभा मुख्यतः लोहाचा, थोड्या निकेलचा, आणि त्याचा बाहेरील भाग द्रवरूप आहे, कारण ‘एस’ लहरी द्रवातून जाऊ शकत नाहीत आणि त्या तेथे अडतात. १९३६ साली डेन्मार्कच्या इंगे लेमान या विदुषींनी त्या द्रवाच्याही आत एक वेगळा अंतर्गाभा असल्याचे जाहीर केले. त्याची त्रिज्या सुमारे १,२२० किलोमीटर आहे. पृथ्वीची एकूण त्रिज्या ६,३७१ किलोमीटर. तीस वर्षांच्या अवधीत, कोणीही खाली न उतरता, केवळ कागदावरील रेघा वाचून माणसाने आपल्या घराचे सारे मजले मोजले.

या काळात कॅथोलिक संस्थांनीही भूकंपशास्त्राची मोठी सेवा केली, हे येथे नमूद करणे अप्रस्तुत होणार नाही. ज्या वर्षी आंद्रिया यांचा भूकंप झाला त्याच १९०९ साली फादर फ्रेडरिक ओडेनबाख यांच्या पुढाकाराने अमेरिकेतील येशूसंघीय महाविद्यालयांत वीखर्ट यांच्याच रचनेची यंत्रे बसविण्यात आली आणि एका सुसूत्र भूकंपनोंदणी जाळ्याचा आरंभ झाला. मुंबईतही कुलाबा वेधशाळेत एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस मिल्न यांच्या रचनेचे भूकंपमापक आलेले होते.

आंद्रिया यांचे उर्वरित आयुष्य फारशा गाजावाजाशिवाय गेले. त्यांनी भूकंपलहरींच्या प्रवासकालाची कोष्टके तयार केली, भूकंपाचे केंद्र अचूक शोधण्याच्या पद्धती सुधारल्या आणि विद्यापीठात अध्यापन केले. पहिल्या महायुद्धात त्यांचे साम्राज्यच नकाशावरून पुसले गेले. यंत्रांसाठी पैसा नव्हता, देशोदेशींच्या वेधशाळांशी चालणारी पत्रांची देवघेव युद्धात विस्कळीत झाली होती. १९२० च्या दशकाच्या आरंभी ते निवृत्त झाले. १८ डिसेंबर १९३६ रोजी झाग्रेब येथे त्यांचे निधन झाले. लेमान यांनी अंतर्गाभा जाहीर केला तेच हे वर्ष. मिरोगोय येथील प्रसिद्ध दफनभूमीत ते चिरविश्रांती घेत आहेत. त्या दफनभूमीच्या कमानी आणि प्रार्थनामंदिर यांचीही रचना कॅथेड्रलच्या त्याच हेरमान बोले यांची, आणि २०२० च्या भूकंपाने त्यांनाही सोडले नाही. मरणोत्तर मान मात्र पुष्कळ मिळाले. चंद्रावरील एका विवराला आणि एका लघुग्रहाला मोहोरोविचिच यांचे नाव आहे.

त्यांनी शोधलेली सीमा प्रत्यक्ष पाहावी, तिच्या पलीकडचा खडक हाती घ्यावा, ही इच्छा पुढील पिढ्यांना स्वस्थ बसू देईना. अमेरिकेने ‘मोहोल’ नावाची योजना आखली. कवच पातळ असते म्हणून समुद्राचा तळ निवडण्यात आला. १९६१ साली मेक्सिकोच्या ग्वादालूप बेटाजवळ सुमारे ३,६०० मीटर खोल पाण्यात जहाज उभे करून तळाखाली १८३ मीटरपर्यंत छिद्र पाडण्यात आले. खर्च वाढत गेला आणि १९६६ मध्ये योजना बंद पडली. रशियाच्या कोला द्वीपकल्पात १९८९ पर्यंत १२,२६२ मीटर खोल छिद्र खणले गेले, ते जगातील सर्वांत खोल छिद्रांपैकी एक. परंतु तेथील मोहो त्याच्याही कित्येक पट खाली आहे. २०२३ साली अटलांटिक महासागरात ‘जॉइडिस रेझोल्यूशन’ या जहाजाने १,२६८ मीटर लांबीच्या छिद्रातून प्रावरणाचे खडक वर काढले. मात्र तेही अशा ठिकाणी, की जेथे भूगर्भातील हालचालींनी ते खडक आधीच वर ढकलले गेले आहेत. मोहो भेदून खाली जाणे अजून कोणालाही साधलेले नाही. आपल्याकडे कोयना परिसरात, ११ डिसेंबर १९६७ च्या भूकंपानंतर दशकानुदशके जमीन थरथरत राहिली आहे. तेथे कराडजवळ भूकंपाच्या अभ्यासासाठी ३ किलोमीटर खोलीचे छिद्र २०१७ मध्ये पूर्ण करण्यात आले. त्याचा हेतू मोहो गाठण्याचा नाही. भूकंप जेथे जन्मतो त्या खडकाजवळ जाऊन तो कसा फुटतो ते पाहण्याचा आहे, आणि हा हेतू आंद्रिया यांना निश्चितच आवडला असता.

क्रोएशियाची भूमी त्यांच्या मृत्यूनंतरही शांत राहिली नाही. झाग्रेबच्या त्या रविवारनंतर नऊ महिन्यांनी, नाताळच्या अष्टकात, २९ डिसेंबर २०२० रोजी पेत्रिन्या शहर ६.४ तीव्रतेच्या भूकंपाने उद्ध्वस्त झाले. सात जणांचा बळी गेला, कित्येक गावांतील चर्च कोसळली आणि हजारो कुटुंबांनी तो हिवाळा तात्पुरत्या निवाऱ्यांत काढला. १९०९ चा भूकंप ज्या परिसरात झाला होता, त्याच परिसरातील हा भूकंप. त्याचे धक्के ज्या जाळ्याने नोंदविले, ते झाग्रेब विद्यापीठाचे जाळे आंद्रिया यांनी ग्रिच टेकडीवर बसविलेल्या त्या उसन्या यंत्रापासून सुरू झाले आहे. जगभरच्या वेधशाळांतील संगणक त्या दिवशी काही मिनिटांत भूकंपाचे स्थान सांगू शकले. त्यांच्या गणितात भूकवच आणि प्रावरण यांमधील ती सीमा गृहीत धरलेली असते आणि तिच्या माथ्यावरून धावत येणाऱ्या पहिल्या क्षीण लहरीची वेळ आजही सर्वांत आधी टिपली जाते.